धोंडाबाईची बारी

पणदऱ्यात कुणाला जयवंता निवांत बसलेली दिसली, तर त्यानं खुशाल समजावं की सिद्धूचं जेवण चाललंय. एरवी ही बाई बसायची नाही. बसायला सवड कुठली? सिद्धू तिचा एकुलता एक. जन्मला तेव्हा रडलाच नाही, सुईण हबकली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. मान धरली नाही, पाय ताठ ते ताठच, बोलणं नाही. हसतो मात्र असा की बघणाऱ्यानं हातातलं काम विसरावं. आता तिशीला आलाय. मिशा फुटल्यात, अंगानं बापावर गेलाय, आणि त्या अख्ख्या गड्याला खाटेवरून मोरीत, मोरीतून खाटेवर, खाटेवरून ओट्यावर नेणारी एकटी जयवंता. मालक होते तोवर एक बाजू ते धरायचे. एका सकाळी छातीत कळ आली आणि ते गेले. तेव्हापासून दोन्ही बाजू हिच्याच झाल्या.

लोकांचं काय, बोलायला सगळे मोकळे. "काय भोग बाईच्या नशिबी," म्हणायचे आणि आपल्या वाटेनं जायचे. हळहळणाऱ्याला म्हणावं, बाबा, हळहळ राहू दे, याचा एक पाय धर. तर त्याला नेमकं तेव्हाच उसाला पाणी सोडायचं आठवायचं.

उचलून उचलून तिची कंबर गेली होती, ते सगळ्या गावाला दिसत होतं. पण एक न दिसणारं दुखणंही होतं. तिचं अंग बाहेर यायला लागलं होतं. बाईमाणसाचा आजार, बोलायचा कुणाजवळ? घरात सासू नाही, लेक नाही. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून घट्ट बांधायची आणि पुन्हा सिद्धूच्या काखेत हात घालायचे, असं किती दिवस चालवलं तिचं तिलाच माहीत. शेवटी बसणंही अवघड झालं, तेव्हा शेजारणीला सिद्धूजवळ बसवलं आणि डोळे तपासून येते म्हणून सांगून ती बारामतीला डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल, आणि नंतर तीन महिने पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. जयवंतानं विचारलं, माणूस उचललेला चालंल का? डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली.

परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून ती विचार करत बसली. तीन महिने सिद्धूला उचलणार कोण? पैसे टाकून माणूस ठेवावं, तर सिद्धूला सरकारकडून जो निराधारचा पगार मिळतो, तेवढ्यात कुणी दारातसुद्धा उभं राहिलं नसतं. गावात त्या अनुदानाला पगारच म्हणतात. आता काम न करता मिळणाऱ्या पैशाला पगार का म्हणावं, हे गावाला विचारू नये. आणि सिद्धूनं काम केलं नसलं तरी त्याच्यापायी जयवंतानं किती केलं, हेही कुणी मोजू नये.

असा पगार येणारी आणखी दोन घरं तिला ठाऊक होती, कारण तिची आणि त्यांची विहीर एक होती. त्या सामाईक विहिरीत सोळा आण्यांपैकी वाटा इंद्रजितचे आठ आणे, भीमातात्यांचे चार आणे आणि जयवंताचे चार आणे. इंद्रजित साखर कारखान्यात कामाला. त्याची आई शकुबाई हिचं एक अंग वाऱ्यानं गेलेलं, ती सोप्यात पडून असायची. त्याची बायको पहाटे उठून बारामतीला शिलाईच्या कंपनीत जायची. म्हातारी दिवसभर भिंतीकडे बघायची. दुसरे भीमातात्या. एके काळी विहिरीचा कारभार त्यांच्याकडं होता, कुणाचं पाणी कधी सुटायचं ते तेच बोलायचे. आता त्यांना सकाळचं दुपारी आठवत नव्हतं. दार उघडं दिसलं की चालायला लागायचे. मुलगा ट्रकवर, घरात सून राजलक्ष्मी आणि सहा म्हशी. एकदा धारा काढण्याच्या नादात तिचं लक्ष चुकलं आणि सासरा थेट नीरेच्या रस्त्याला सापडला.

एकट्याला विहीर झेपत नव्हती म्हणून तर तिघांच्या बापजाद्यांनी मिळून काढली होती. मग माणूस का नाही ठेवायचं तसं? एसटी पणदऱ्याच्या फाट्यावर थांबेपर्यंत जयवंताच्या डोक्यात सगळं पक्कं झालं होतं.

दिवाळी झाल्यावर तिनं इंद्रजित आणि राजलक्ष्मीला इंद्रजितच्या सोप्यात बसवलं आणि विषय काढला. तिघांचे पगार एकत्र करायचे, एक बाई ठेवायची. पिंपळीची धोंडाबाई तिच्या माहितीतली होती. नवऱ्यामागं बारामतीच्या एका दवाखान्यात आयाचं काम केलेली, हाताला चांगली, तोंडाला फटकळ. राजलक्ष्मीनं आधी नाक मुरडलं, पण म्हशींकडं बघून कबूल झाली. इंद्रजित म्हणाला, सगळं ठीक आहे काकी, पण बाई कुणाकडं किती वेळ, यावरून उद्या भांडणं होतील त्याचं काय?

"हिरीसारखंच ठेवू," जयवंता म्हणाली. "बारी लावायची. दोन दिस तुमच्याकडं, दोन दिस तात्यांकडं, दोन माज्याकडं. चुकली बारी ती गेली. मागं मागायची न्हाय."

हे ऐकून इंद्रजितनं तिच्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. त्याला कारण होतं. मागं एका उन्हाळ्यात त्याची उसाची नवी लागण डोळ्यादेखत सुकत होती आणि नेमकी त्याच्या बारीला विजेची डीपी जळाली. लाइट आली तेव्हा जयवंताची बारी लागली होती. तो तिच्या दारात आला, एक दिवस दे म्हणाला. तिनं दिला नाही. चुकली बारी ती गेली, म्हणाली. त्याचा निम्मा ऊस गेला. गावानं तिला दगडाच्या काळजाची म्हटलं. गावाला काय माहीत! मालक गेल्यावर पहिल्याच वर्षी तिचं पाणी कुणी ना कुणी खायला लागलं होतं, आज एवढं असू द्या वहिनी, उद्या बघू वहिनी. बाईमाणसाच्या चार आण्याला कोण विचारतो? तेव्हा ती नियमाला धरून बसली. नियमाइतका कुणीच तिच्या बाजूनं उभा राहिला नव्हता. म्हणून माणूस वाटून घ्यायची वेळ आली, तेव्हाही तिला तोच नियम सुचला.

स्वतःच्या ऑपरेशनचं मात्र ती बोलली नाही. इंद्रजितसारख्या पुतण्याच्या वयाच्या माणसासमोर बोलणार तरी काय? आधी धोंडाबाईला सिद्धूची सवय होऊ दे, मग बघू, असा तिचा हिशेब होता. सगळ्यांना वाटलं, बाई गावाचं भलं करायला निघाली.

धोंडाबाई पिंपळीहून सहाआसनी रिक्षानं सकाळी यायची, संध्याकाळी जायची. सोमवार, मंगळवार शकुबाई. बुधवार, गुरुवार तात्या. शुक्रवार, शनिवार सिद्धू. पहिल्या शुक्रवारी ती आली, पदर खोचला आणि म्हणाली, चला, पोराची आंघोळ कुठं घालायची? आणि तिथंच जयवंताचं मन अडलं. पोर कसलं, तिशीचा गडी! त्याला परक्या बाईनं उघडा करायचा? तिनं धोंडाबाईला बाहेर बसवलं, आंघोळ स्वतः घातली. मग जेवण. दुधात कुस्करलेली भाकरी धोंडाबाईनं सिद्धूच्या तोंडाशी नेली, तर त्यानं दात आवळले. पुन्हा नेली, पुन्हा आवळले. जयवंतानं तिच्या हातातून वाटी घेतली. पोरगं गपागप जेवलं.

"त्याला माज्याच हातचं लागतं," ती म्हणाली. आता खोटं कशाला बोला, हे सांगताना तिच्या आवाजात कौतुक होतं. थकलेल्या माणसालासुद्धा एवढा एक दागिना असतो.

त्या दिवशी धोंडाबाईनं धुणं धुतलं, तांदूळ निवडले आणि वेळेआधी गेली. पुढच्या शुक्रवारी राजलक्ष्मी दारात आली. म्हैस व्यायला झालीय, तात्यांना कोण बघणार, धोंडाबाईला आजच्या दिवस नेऊ का काकी? जयवंता म्हणाली, ने. तसं पण हितं तिला काय काम हाय? त्याच्या पुढच्या खेपेला इंद्रजितकडं पाहुणे आले. मग राजलक्ष्मीला माहेरी जायचं होतं. मग कुणी विचारायचंही राहिलं. शुक्रवार उजाडला की धोंडाबाई परस्पर दुसरीकडं वळायला लागली आणि शनिवारही त्याच वाटेनं गेला. सिद्धूचा पगार मात्र दर महिन्याला इमानेइतबारे सामाईकात पडत होता. शेजारीण म्हणाली, जयवंते, तू खुळी का शहाणी? तेव्हा ती नुसती हसली. बोलायला अंगात जोर लागतो, तो तिच्यात उरला नव्हता.

रात्री सिद्धूची कूस बदलायला ती उठायची आणि खाटेचा खूर धरून तशीच उभी राहायची. खाली वाकलं की पुन्हा वर येता येईल का, याची खात्री वाटायची नाही. कधी कधी तिला रडू यायचं, तेही अर्धवटच, कारण तेवढ्यात सिद्धू कुंथायचा. माझं मरण याच्याआधी आलं तर याचं काय, हा विचार ती मनात पुरा होऊ द्यायची नाही. आपल्याआधी तो गेला तर बरं, असं एकदा मनात आलं आणि तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

चैत्रात डोळे तपासायच्या नावाखाली ती परत बारामतीला गेली. या वेळी डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. आत जखम झालीय, पू धरलाय, आणखी लांबवलंत तर जिवावर बेतेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढल्या आठवड्यातला दिवसच ठरवून दिला.

संध्याकाळी जयवंता इंद्रजितच्या सोप्यात गेली. राजलक्ष्मीलाही बोलावून घेतलं. आत माजघरात नेऊन धोंडाबाई शकुबाईचे केस विंचरत होती, आणि त्या दिवशी होता शुक्रवार, सिद्धूच्या बारीचा. जयवंतानं फार घोळ घातला नाही. मला एक ऑपरेशन करायचंय, म्हणाली, कसलं ते विचारू नका. तीन महिने सिद्धूकडं बघायला धोंडाबाई रोज पाहिजे. आजवर माझे जेवढे दिवस तुमच्याकडं गेले, ते आता मला परत द्या.

राजलक्ष्मीनं बांगड्या वरखाली केल्या. मग खाली बघत म्हणाली, तीन महिने म्हणजे लई झालं काकी. तात्या परवाच विहिरीच्या काठाला जाऊन उभे होते, माझ्या अंगावर काटा आला. आणि दिवस परत द्यायचे असं कुठं ठरलं होतं? तुम्हीच म्हणाला होता.

इंद्रजित बराच वेळ खांबाचा पोपडा काढत होता. "माजा ऊस वाळत हुता काकी," तो म्हणाला, "तवा म्या एकच दिस मागितला हुता."

तो काही ओरडून बोलला नाही. ओरडला असता तर ती भांडली असती. पण ते इतकं सरळ होतं की भांडायला जागाच नव्हती. "बरोबर हाय तुजं," ती म्हणाली आणि उठायला लागली. मनात म्हणाली, राहिलं. जाऊ दे. जेवढे दिवस निघतील तेवढे निघतील. उठताना मात्र पोटाखाली अशी कळ गेली की तिनं खांब कवटाळला आणि पाय फाकवून तशीच वाकून उभी राहिली. तोंडातून आवाज येऊ नये म्हणून पदर दातात धरला.

धोंडाबाई फणी हातात घेऊन उंबऱ्यात आली होती. तिनं ते उभं राहणं बघितलं. दवाखान्यात तिनं असल्या बायका कमी बघितल्या नव्हत्या.

"अक्का, अंग बाहीर येतंय तुमचं?" तिनं विचारलं.

झालं! इंद्रजितच्या समोर. जयवंताला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. इंद्रजित चटकन अंगणाकडं वळला. राजलक्ष्मीनं तोंडावर हात ठेवला. जयवंता धोंडाबाईला गप्प बस म्हणून खुणावत होती, पण ती कसली गप्प बसतेय! कधीपासून, म्हणाली. पट्टी बांधता का? बांधत असणार. आणि हे असलं घेऊन तुम्ही तो सहा फुटी गडी उचलता, आणि मी शुक्रवारी हितं बसून म्हातारीची वेणी घालते, व्हय? मला सांगायचं तरी होतंत.

मग ती इंद्रजितकडं वळली. तो पाठमोरा उभा होता, त्याच्या पाठीलाच ती बोलली.

"बारी, बारी लावलीय कवाधरनं. मी काय हिरीचं पानी हाय? मला कुणी इचारलं का, धोंडाबाई, तुला कुटं जायाचंय? माज्या डोळ्याला दिसतंय कुणाला गरज हाय, आन् तुमी मला वार सांगताय."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. तिघांनी मिळून तिला मोजलं, वाटलं, आणि वर कुणाचा वाटा कुणी खाल्ला यावर रुसवे धरले. पण हिलाही तोंड आहे, हे ध्यानातच आलं नव्हतं. पाणी वाटत आलेल्या माणसांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती.

धोंडाबाईनंच मग सगळं सांगितलं, आणि विनवून नव्हे, दरडावून. तिघंही एका जागी आणा. जागा ह्याच सोप्याची. अक्कांच्या घरात नको, त्या खाटेवर पडून राहणाऱ्यातल्या नाहीत, पोरगं कण्हलं की उठतील. सहाही दिवस मी तिघांचं बघते, त्याचं काय वाढवून द्यायचं ते तुम्ही ठरवा. पण उचलायला मी एकटी हात लावणार नाही. आज अक्कांचं जे झालंय ते उद्या माझं होईल, आणि मग माझ्यासाठी कोण बारी लावणार? सकाळी कामावर जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर इंद्रजितनं हात द्यायचा, दोघांनी मिळून उचलायचं. दुपारी राजलक्ष्मी. रात्री आणि रविवारी सिद्धूकडं दोघांनी आळीपाळीनं बघायचं. पगार तेवढे सामाईक केलेत, म्हणाली, उचलणं मात्र ज्याचं त्याच्याच गळ्यात ठेवलंत.

इंद्रजित अंगणाकडं तोंड करूनच म्हणाला, उचलीन. मग म्हणाला, "काकी, सांगायचंसा की. म्या काय इतका वाईट हाय का?"

जयवंताला त्याचा राग आला नाही, आपलाही आला नाही. तिला फक्त घरी जाऊन पडावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सिद्धूला सोप्यात आणला. इंद्रजितनं काखेत हात घातले तसं पोरगं असं किंचाळलं की तात्या घाबरून माजघरात पळाले. सिद्धूनं इंद्रजितच्या मनगटाला चावा घेतला. जयवंता धावली, तर धोंडाबाई वाटेत आडवी. मागं व्हा, म्हणाली. दुपारी सिद्धूनं दात आवळले. धोंडाबाईनं वाटी जयवंताच्या हातात दिली नाही. संध्याकाळपर्यंत पोरगं उपाशी. शेवटी जयवंताच्यानं राहवलं नाही, तिनं चोरून भरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. ऑपरेशनची तारीख उजाडली तेव्हा सिद्धू परक्या हातचा एक घासही खात नव्हता, आणि जयवंता बावड्याहून आलेल्या धाकट्या भावाला सांगत होती की जाऊ दे बाबा, पुढच्या महिन्यात बघू. भावानं तिची पिशवी जीपमध्ये टाकली. राजलक्ष्मीनं तिला हाताला धरून बसवलं. सिद्धू सोप्यातून बघत होता आणि हसत होता, आई कुठंतरी फिरायला निघाली म्हणून. त्या हसण्यानंच तिचा जीव कासावीस झाला.

ऑपरेशन झालं, नीट झालं. दवाखान्यातून भावानं तिला परस्पर बावड्याला नेलं. माहेरी ती मुक्कामाला कधी राहिली होती, ते भावजयीलाही आठवेना. लग्नाकार्याला यायची ती सिद्धूला घेऊन, आणि अक्षता पडल्या की निघायची. आता तिला पंख्याखाली खाट दिली, हातात ताट दिलं. तिला घास गिळवेना. दवाखान्यात राजलक्ष्मीचा फोन यायचा तो एकच, काळजी करू नका. खातो का विचारलं की ती म्हणायची, दूध पितो चमच्यानं. चमच्यानं दूध! तिशीचा गडी! जयवंतानं ओळखलं काय ते.

बावड्याला आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, टाके धरत धरत पिशवी भरायला लागली. भावजय म्हणाली, वन्सं, हे काय? जयवंता म्हणाली, मला पणदऱ्याला सोडा. पोरगं मरंल माजं. माज्या हाताबिगर त्याच्या गळ्याखाली काय उतरत न्हाय. भाऊ शेतावर होता. तो येईपर्यंत थांबा, म्हणून भावजयीनं हातापाया पडून तिला खाटेवर बसवलं. पिशवी मांडीवर घेऊन ती बसून राहिली. ऊन अंगणात आलं, पायरीवर चढलं, तरी ती तशीच.

दुपारी फोन वाजला. राजलक्ष्मी होती आणि तिला बोलताना हसू आवरत नव्हतं. जेवला, म्हणाली. काकी, तुमचा सिद्धू जेवला.

"कुणाच्या हातनं?"

"तात्यांच्या."

झालं होतं असं. दुपारी धोंडाबाई शकुबाईला पुसून घेत होती. सिद्धूची वाटी कट्ट्यावर तशीच पडून. तात्या उठले, दार बंद दिसलं, मग वाटी दिसली. त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे. वासरू समजले म्हणावं तर त्याला ते बाळा, बाळा म्हणत होते. सिद्धूच्या उशाला बसले आणि घास तोंडाशी धरला. सिद्धूनं दात आवळले. आता दुसरं कुणी असतं तर दोनदा बघितलं असतं, तीनदा बघितलं असतं आणि वाटी खाली ठेवली असती. तात्यांना आधीचं आठवेच ना! त्यांच्या लेखी दर घास पहिलाच. सिद्धूनं तोंड फिरवलं की हे तितकंच लाडानं पुन्हा धरायचे, ना कंटाळा, ना राग, ना घाई. धोंडाबाईनं बघितलं आणि राजलक्ष्मीला खूण केली की बोलू नको. किती वेळ ते चाललं होतं देव जाणे. आणि मग सिद्धूला त्या म्हाताऱ्याची गंमत वाटली की काय, तो खुदकन हसला. हसला तसं तोंड उघडलं. घास आत गेला आणि त्यानं तो गिळला.

पुढचं सांगताना राजलक्ष्मीची हसून पुरेवाट झाली. वाटी संपली, तर तात्या म्हणे, पोरानं सकाळपासून काही खाल्लं नाही, दुसरी आणा. धोंडाबाईनं अर्धी वाटी आणखी करून दिली. तीही संपली. आता दोघं शेजारीशेजारी झोपलेत. इंद्रजितही सकाळी उचलायला आला तेव्हा सिद्धू चावला नाही, नुसता कण्हला. तुम्ही निवांत राहा तिकडं, काकी.

जयवंतानं फोन भावजयीकडं दिला आणि रडायला लागली. भावजयीला वाटलं, आनंदानं रडते. तिनं पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, बघा, झालं की नाही सगळं नीट? आनंद होताच. पोरगं जेवलं याचा आनंद कुठल्या आईला होणार नाही? पण त्याच्याखाली दुसरंच काही उसळून येत होतं आणि ते आनंदापेक्षा जड होतं. तिला राग आला होता. कुणाचा, ते तिला कळत नव्हतं. सिद्धूचा नाही, तात्यांचा तर नाहीच. दर वेळी दात आवळले की दुसऱ्याच्या हातातली वाटी कोण काढून घेत होतं? मालकांच्या हातातून घेतली होती. सासू होती तेव्हा तिच्या हातातून. मग धोंडाबाईच्या. कुणालाच तीन-तीनदा घास धरून बघू दिलं नव्हतं तिनं. सिद्धू तिचे सोळा आणे होते, त्यातला एक आणाही तिनं कुणाला दिला नाही, आणि मग कुणी हात लावत नाही म्हणून रात्र रात्र कुढत बसली.

ती रडायची थांबली. भावजयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं दोन घोट घेतले, मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"म्हंजे त्याला माज्याच हातचं लागत हुतं, असं न्हवतं," ती म्हणाली.

भावजयीनं तांब्या परत घेतला.

"मग मी इतकी वर्षं निजले का न्हाय ग?"

भावजयीनं उशी सारखी केली आणि वाकळ पायावर ओढली. जयवंता भिंतीकडं कूस करून पडली. संध्याकाळी भाऊ शेतावरून आला, जीप बाहेर काढू का म्हणून विचारायला लागला, तर भावजयीनं त्याला उंबऱ्यातच थांबवलं. दिवेलागण झाली, जेवणं झाली, भांडी घासून पालथी पडली. जयवंता गाढ झोपली होती, उठली नाही. सकाळी चहा झाला तरी तिला कुणी हाक मारली नाही.